अर्ध्या कानाचें संगीत

संगीत ऐकण्याच्या जागा माणसानें फार पूर्वींपासून ठरवून ठेविल्या आहेत. देवळाच्या सभामंडपांत कीर्तन, दिवाणखान्यांत बैठक, नाट्यगृहांत पदें, आणि गांवच्या पारावर भजन. या साऱ्या जागांत एक गोष्ट सारखी आहे. ऐकणाऱ्यावर तेथें ऐकण्यावांचून दुसरी कोणतीहि जबाबदारी नसते. कीर्तनांत एखाद्यास डुलकी लागली तर फार तर शेजारचा कोपर मारतो. बैठकींत कोणाचें लक्ष उडालें तर एखादी सुंदर तान निसटते, इतकेंच. परंतु गेल्या शंभर वर्षांत माणसानें संगीत ऐकण्याची एक नवी जागा निर्माण केली, आणि तेथें हा नियम पार उलटा झाला. मोटार हांकणारा मनुष्य गाणें ऐकतो तेव्हां त्याच्या हातांत चाक असतें, पायाखालीं वेग असतो, आणि समोरच्या रस्त्यावर दुसऱ्यांचे जीव असतात. येथें श्रोत्याचें लक्ष उडालें तर तान निसटत नाहीं, गाडी निसटते.

हांकतां हांकतां गाणें ही गोष्ट तशी जुनीच. देशावरच्या रस्त्यांनीं रात्रीं चालणाऱ्या बैलगाडीचा गाडीवान गात असे. बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा ताल धरीत, गाडीवान आपल्याशींच कांहीं गुणगुणे, आणि मध्येंच त्याचा डोळा लागला तरी बैल ओळखीच्या वाटेनें घर गांठीत. गाडीवानाच्या सावधपणांत खंड पडला, तर तो भरून काढणारे दोन जीव जुंवाखालीं जागे असत. मोटारीला असे बैल नाहींत. स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या कांहीं नव्या गाड्या आतां निघाल्या आहेत हें खरें. तथापि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची सारी अक्कल अद्यापि हांकणाऱ्याच्या डोळ्यांत आणि कानांतच सांठविलेली आहे. म्हणूनच मोटारींतील संगीताची हकीकत वरवर पाहतां यंत्रांची वाटली, तरी तिच्या पोटांत एक जुनें भांडण आहे. हांकणाऱ्याच्या कानावर हक्क कोणाचा, गाण्याचा कीं रस्त्याचा, हें तें भांडण होय.

मोटारींत रेडिओ बसविण्याचे प्रयत्न अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांतच सुरू झाले होते. परंतु ते बव्हंशीं हौशी लोकांचे उद्योग होते. त्या उद्योगाला बाजारांत सहज मिळणाऱ्या वस्तूचें रूप आलें तें १९३० सालीं. शिकागो येथें पॉल गॅल्व्हिन व त्याचा भाऊ जोसेफ यांचा एक लहानसा कारखाना होता. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर धंदा बसत चालला होता, आणि कांहीं तरी नवें काढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग या दोघां तरुण तंत्रज्ञांच्या साहाय्यानें गॅल्व्हिननें आपल्या स्टूडबेकर गाडींत रेडिओ बसविला आणि ती गाडी हांकीत तो अटलांटिक सिटी येथें जून महिन्यांत भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या परिषदेला गेला. आंत मांडणीसाठीं त्याला जागा नव्हती. तेव्हां त्यानें गाडी बाहेरच उभी केली, आवाज मोठा केला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना गाडीपाशीं थांबवून यंत्र दाखविलें. मागण्या येऊं लागल्या. मोटार या शब्दाला त्या काळच्या ‘व्हिक्ट्रोला’ ग्रामोफोनच्या नांवाचें शेपूट जोडून त्यानें आपल्या यंत्राचें नांव ठेविलें ‘मोटोरोला’. पुढें १९४७ सालीं कारखान्यानेंहि तेंच नांव धारण केलें. या यंत्राची किंमत सुमारें १२० डॉलर होती. आणि तेव्हां साधी नवी फोर्ड गाडी पांचसहाशें डॉलरांना मिळे. म्हणजे गाडीच्या किमतीचा पांचवा हिस्सा मनुष्य केवळ कानाच्या सुखासाठीं देण्यास तयार झाला होता.

हें सुख मिळविणें मात्र सोपें नव्हतें. मोटारीचें इंजिन चालतें तें ठिणग्यांवर. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें वादळच. तें जवळच्या रेडिओंत शिरून तडतड उठवी आणि गाणाऱ्याचा आवाज त्या तडतडींत बुडून जाई. एका अर्थानें मोटार व रेडिओ हे जन्मवैरीच होते. ठिणगीच्या वाटेवर विद्युत्‌रोधक बसवून आणि तारांना धातूचें आवरण घालून तें वैर मिटवावें लागलें. दुसरी अडचण शक्तीची. मोटारींतील बॅटरी सहा व्होल्टची, आणि रेडिओंतील कांचेच्या व्हॉल्व्हना हवा दोनशें व्होल्टच्या आसपास दाब. प्रथम त्यासाठीं वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशीं ठेवाव्या लागत. नंतर एक थरथरणारी पट्टी बसवून सहा व्होल्टचा प्रवाह सेकंदांत अनेक वेळां तोडावयाचा व जोडावयाचा, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब रोहित्रानें वाढवावयाचा, अशी युक्ति निघाली. गाडी बंद असतांना रेडिओ लावला तर या पट्टीची गुणगुण स्पष्ट ऐकूं येई. संगीताला मोटारींत तंबोऱ्याची अशी विचित्र साथ त्या काळीं लाभली होती.

युरोपांत जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कारखान्यानें १९३२ सालीं मोटारीचा रेडिओ काढला. त्याचें वजन सुमारें १५ किलो होतें आणि किंमत ४६५ मार्क. एवढें धूड हांकणाऱ्याच्या पुढ्यांत मावणें शक्यच नव्हतें. म्हणून यंत्र दूर ठेवून त्याच्या कळा सुकाणूच्या दांड्यावर आणिल्या होत्या. आजच्या मोटारींत सुकाणूच्या चाकावर आवाज कमीजास्त करण्याचीं बटनें असतात, आणि तीं फार आधुनिक वाटतात. वस्तुतः हांकणाऱ्याचा हात चाकावरून उठूं नये ही चिंता मोटारींतील संगीताच्या पाळण्यांतच जन्मली होती.

तीच चिंता निराळ्या रूपानें लोकांच्या बोलण्यांतहि उमटली. १९३० सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत मोटारींतील रेडिओवर बंदी घालावी असा प्रस्ताव पुढें आला. १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या मोटारमंडळानें आपल्या सभासदांचीं मतें घेतलीं, तेव्हां निम्म्याहून अधिक सभासदांनीं रेडिओला धोक्याचा ठरविलें. विरोधकांचें म्हणणें सरळ होतें. कळ फिरवितांना हात चाकावरून सुटतो, गाण्यांत मन गुंतलें कीं डोळे उघडे असूनहि पाहत नाहींत, आणि मंद सुरांनीं झोंप येते. रेडिओवाल्यांचें उत्तरहि तितकेंच सरळ होतें. एकट्या प्रवाशाला रेडिओ सोबत देतो व जागें ठेवतो. शेजारी बसलेला माणूस उत्तराची अपेक्षा करतो, रेडिओ करीत नाहीं. आणि पुढें वादळ वा पूर असला तर त्याची वर्दी तोच देतो. बंदी टिकली नाहीं. लोकांनीं रेडिओ विकत घेऊनच या वादाचा निकाल लाविला. परंतु बाजारानें निकाल दिला म्हणून प्रश्न सुटला असें होत नाहीं. तो पुढें कसा पुनःपुन्हां डोकें वर काढीत राहिला, हें पाहण्यासारखें आहे.

१९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ सालीं फिल्को व क्रायस्लर या कंपन्यांनीं व्हॉल्व्हांवांचून चालणारा मोटारीचा रेडिओ जाहीर केला. यंत्र लहान झालें, उष्णता गेली, थरथरणारी पट्टीहि गेली. आतां श्रोत्याची तक्रार यंत्राविषयीं राहिली नाहीं. ती कार्यक्रमाविषयीं सुरू झाली. नभोवाणी जें ऐकवील तें ऐकावयाचें, आणि गाडी केंद्रापासून दूर गेली कीं आवडतें गाणें मध्येंच विरून जावयाचें, हें त्याला सोसवेना. आपल्या गाडींत आपल्या आवडीचें गाणें हवें, ही इच्छा तेव्हांपासून बळावली.

ती पुरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न मोठा मौजेचा आहे. १९५६ च्या आपल्या गाड्यांत क्रायस्लर कंपनीनें चक्क तबकड्यांचें यंत्र बसविलें. दीर्घकाल वाजणाऱ्या तबकडीच्या निर्मितींत ज्यांचा मोठा भाग होता, त्या पीटर गोल्डमार्क यांचीच ही योजना. नेहमींची दीर्घ तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. ही घेई त्याच्या निम्मे. सात इंची लहानशा तबकडीच्या एका बाजूस पाऊण तासाहून अधिक वाजेल एवढें संगीत मावे. धक्क्यांनीं सुई उडूं नये म्हणून ती चांगलीच दाबून बसविलेली असे. परंतु त्या दाबानें तबकडी लवकर झिजे, खांचखळग्यांत सुई तरीहि कधीं कधीं उडे, आणि या जातीच्या तबकड्या एकच कंपनी काढीत असल्यामुळें निवड अगदींच तोकडी असे. तबकडी बदलतांना डोळे रस्त्यावरून काढावे लागत तें वेगळेंच. तीनचार वर्षांतच हा प्रयोग गुंडाळावा लागला. घरांतील बैठक जशीच्या तशी उचलून मोटारींत नेतां येत नाहीं, हा धडा त्यानें दिला.

मोटारीला मानवली ती फीत. १९६५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या पुढील वर्षाच्या गाड्यांसाठीं आठ पट्ट्यांच्या फितीचें यंत्र देऊं केलें. त्यामागें होता तोच विल्यम लिअर, जो पस्तीस वर्षांपूर्वीं गॅल्व्हिनच्या साहाय्यास आला होता आणि ज्याचें नांव मधल्या काळांत विमानांमुळें जगाला ठाऊक झालें होतें. ही फीत अखंड फेऱ्यांची. ती एका हातानें खांचेंत ढकलली कीं काम झालें. तिच्यांत दोष एकच, पण रसिकाला असह्य. फितीच्या चार भागांत गाणीं बसवितांना कित्येकदां एखादें गाणें मध्येंच तोडावें लागे, आणि ऐन रंगांत खट्‌कन आवाज होऊन यंत्र दुसऱ्या पट्टीवर जाई. तिच्यापेक्षां आटोपशीर अशी कॅसेट फिलिप्स कंपनीनें १९६३ सालींच बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडली होती. ती मूळ बोलणें टिपून घेण्यासाठीं केलेली; परंतु तिचा आवाज सुधारत गेला आणि मोटारींतील संगीताचें राज्य अखेर तिच्याकडेच आलें.

भारतांत मोटारीचें गाणें खऱ्या अर्थानें सर्वांचें झालें तें या कॅसेटमुळें, १९८० नंतरच्या दशकांत. तत्पूर्वीं मोटार हीच थोड्यांची, तिच्यांत रेडिओ असणें ही त्याहून थोड्यांची गोष्ट. १९५७ सालीं विविध भारती सुरू झाल्यावर चित्रपटगीतांची चंगळ झाली खरी, पण ती घरोघरीं आणि हॉटेलांत अधिक. कॅसेट मात्र मालमोटारीच्या टपांत शिरली, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत शिरली, लग्नाच्या वऱ्हाडी गाडींत शिरली. हमरस्त्यावरच्या ढाब्यांशेजारीं, एस. टी. स्थानकांबाहेर कॅसेटांचीं दुकानें थाटलीं गेलीं. मोठ्या ग्रामोफोन कंपन्यांनीं ज्यांच्याकडे फारसें पाहिलें नव्हतें, तीं कोळीगीतें, भारुडें, भीमगीतें, जागरण-गोंधळाचीं गाणीं स्वस्त फितींवर आलीं. मालमोटारीचा सारथि सकाळीं उदबत्ती लावून प्रथम देवाचें भजन लावी, दुपारीं चित्रपटांतील गाणीं, आणि रात्रीं डोळे मिटूं लागले कीं ढोलकीवरची एखादी ठसकेबाज लावणी. त्याच्या दिवसाचे प्रहर त्यानें आपल्या फितींनींच बांधून घेतले होते. घरापासून आठआठ दिवस दूर राहणाऱ्या या माणसाला ती फीत आपल्या बोलीची, आपल्या गांवची एकुलती एक सोबत असे. कांचेजवळ उन्हांत राहिलेली कॅसेट वांकडी होई. यंत्रानें गिळलेली फीत पेन्सिलीवर गुंडाळून तो पुन्हां सरळ करी. हा जिव्हाळा जमेस धरल्यावांचून मोटारींतील संगीताचा विचार करणें न्यायाचें होणार नाहीं. तें काढून घ्या असें म्हणणाऱ्यानें आधीं एकदां रात्रभर एकट्यानें नाशिकहून नागपूरला जाऊन पाहावें.

यापुढील हकीकत वेगाची आहे. १९८४ पासून लेसरची तबकडी मोटारींत आली. या शतकाच्या आरंभीं खासगी एफ्‌.एम्‌. केंद्रें निघालीं, आणि आतां खिशांतील मोबाईल बिनतारी जोडला कीं लाखों गाणीं बोटाच्या टोकाशीं उभीं राहतात. तबकडीच्या यंत्रापुढें निवड नव्हती. आतां निवडीला अंत नाहीं.

परंतु गाणें कोठूनहि आलें, तरी शेवटीं तें मोटारीच्या त्या लहानशा खोलींतच वाजावयाचें असतें. आणि गायनाला याहून गैरसोयीची खोली शोधून सांपडणार नाहीं. तीन बाजूंस कांच. ती आवाज परतवून लाविते. खालीं गाद्या, त्या आवाज पिऊन टाकितात. श्रोता मध्यभागीं बसत नाहीं. आपल्याकडे तो उजव्या दाराला चिकटून बसतो. उजवा कर्णा त्याच्या गुडघ्याशीं आणि डावा सुमारें दोन हात अधिक लांब. आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर वेगानें जातो. म्हणजे डावीकडचा स्वर उजवीकडच्या मागून दोन हजारांश सेकंदांनीं पोंचतो. इतका सूक्ष्म फरक कानाला वेगळा जाणवत नाहीं. पण जो आवाज आधीं आला तिकडेच गाणारा बसला आहे अशी कानाची समजूत होते. त्यामुळें गवई समोर न दिसतां दाराच्या कप्प्यांत बसून गात आहे असा भास होतो. हल्लींच्या चांगल्या यंत्रांत जवळच्या कर्ण्याचा आवाज मुद्दाम तेवढाच मागें रोखून धरितात, आणि मग गवई कांचेपलीकडे, मधोमध येऊन बसतो. खर्जाची गोष्ट आणखी निराळी. सेकंदास ५० कंपनांच्या स्वराची लाट सुमारें ७ मीटर लांब असते. ती मोटारींत मावतच नाहीं. तिचा दाब साऱ्या खोलींत एकदम चढतो व उतरतो. म्हणून मोटारींतील खर्ज कानापेक्षां छातीला अधिक जाणवतो, आणि तरुणांना नेमका त्याचाच मोह पडतो.

या खोलीचा वेगळा अभ्यास करून तिच्यासाठींच कर्णे घडवावे, हा विचार १९८३ च्या गाड्यांत प्रत्यक्षांत उतरला. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत शिकविणारे अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेंत गेले होते, त्यांच्या कंपनीनें जनरल मोटर्सच्या कांहीं गाड्यांसाठीं अशी योजना सिद्ध केली. त्या त्या गाडीची लांबीरुंदी, कांचा व गाद्या मोजून ध्वनीची जुळणी करावयाची, हें तिचें तत्त्व. पुढें हीच रीत इतर कारखान्यांनींहि स्वीकारली.

एवढें सारें साधलें, तरी एक शत्रु उरतोच. आणि तो म्हणजे खुद्द प्रवासाचा आवाज. शांत खोलींत ३० डेसिबेलच्या आसपास आवाज असतो. हमरस्त्यावर वेगानें धांवणाऱ्या मोटारींत टायरांचा, वाऱ्याचा आणि इंजिनाचा मिळून ६५ ते ७० डेसिबेलपर्यंत जातो. यांतहि जड, खालच्या स्वरांचा भरणा अधिक. आतां अशा ठिकाणीं एखाद्यानें ख्यालाची विलंबित चीज लावली तर काय होईल? तंबोऱ्याचा झंकार प्रथम नाहींसा होतो. मग आलापींतील हलक्या, श्वासासारख्या जागा बुडतात. त्या ऐकूं याव्यात म्हणून श्रोता आवाज चढवितो. तों द्रुत लय येऊन तबला अंगावर कोसळतो, आणि त्याला तो घाईघाईनें उतरवावा लागतो. ज्या गाण्याचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच पातळीवर बांधलेला असतो, तेंच मोटारींत तगतें. म्हणून यंत्रें आतां हळू आवाज वर उचलून व मोठा आवाज खालीं दाबून तो सपाट करितात, आणि गाडीच्या वेगाबरोबर आवाजहि आपोआप चढवितात. रसिकाला याचें वाईट वाटेल. पण त्यांत एक सत्य दडलें आहे. ज्या संगीताला पूर्ण कान हवा, तें मोटारींत पूर्णपणें येऊंच शकत नाहीं. मोटार हें अर्ध्या कानाचेंच ठिकाण आहे.

मग दुसरा अर्धा कान कोणाचा? येथें तें जुनें भांडण पुन्हां पुढें येतें. आणि तें पाश्चात्य देशांपेक्षां आपल्या रस्त्यांवर अधिक तीव्र आहे. कारण येथें कान केवळ ऐकत नाहीं, तो पाहण्याचेंहि काम करतो. घाटांतल्या आंधळ्या वळणावर समोरची गाडी दिसण्यापूर्वीं ऐकूं येते. मागचा माणूस हॉर्न वाजवून ओलांडण्याची परवानगी मागतो. मालमोटारींच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं अक्षरें पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेलीं असत. लोक उगाच हॉर्न वाजवितात म्हणून २०१५ सालीं महाराष्ट्रांत त्यांना मनाई झाली. तथापि अक्षरें पुसलीं म्हणून व्यवहार पुसला गेला नाहीं. पूर्वीं गाडीच्या खिडक्या उघड्या असत; रस्ता वाऱ्याबरोबर आंत येई. आतां वातानुकूलनासाठीं कांचा वर चढल्या, आणि आंत गाणें चढलें. बाहेरचा हॉर्न आंत पोंचेना, म्हणून बाहेरचा तो अधिक जोरानें व अधिक वेळ वाजवूं लागला; आणि तो गोंगाट नको म्हणून आंतल्यानें गाणें आणखी चढविलें. शहरांतील गोंगाटाच्या या चक्रांत, आपण केवळ बळी आहों असें प्रत्येक मोटारवाला समजतो. वस्तुतः त्या चक्राचा एक आरा त्याच्याच हातांत, आवाजाच्या कळेवर असतो.

याची किंमत कोण देतो? बहुधा तो, ज्याचें गाण्याशीं कांहींच नातें नाहीं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागें येऊन उभी राहते. तिचा भोंगा सारा रस्ता ऐकतो, आणि पुढच्या गाडीचा मालक एका रंगलेल्या कडव्याच्या अखेरीपर्यंत जागचा हालत नाहीं. त्याच्या दृष्टीनें ते दहाबारा सेकंद. आंत निजलेल्या माणसाच्या दृष्टीनें ते किती, याचा हिशेब कोणी कोणाला देत नाहीं.

शास्त्रज्ञांनींहि या प्रश्नाकडे लक्ष दिलें आहे. १९३० सालच्या वादांत, रेडिओ जागें ठेवतो असा एका पक्षाचा दावा होता. इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठांत १९९८ सालीं याची परीक्षा झाली, तेव्हां असें दिसलें कीं रेडिओ किंवा गार वारा यांनीं झोंप थोडी व थोडाच वेळ लांबते. गाडी सुरक्षित जागीं नेऊन थांबवावी एवढाच त्यांचा उपयोग. इस्रायलमधील बेन-गुरिऑन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉड्स्की यांना २००१ सालच्या प्रयोगांत आढळलें कीं, कृत्रिम रस्त्यावर गाडी चालविणाऱ्यांना जलद लयीचें संगीत ऐकविलें तर त्यांचा वेग वाढतो आणि तांबडा दिवा ओलांडण्याचे प्रमादहि वाढतात. पुढें २०१३ मधील एका अभ्यासांत ८५ तरुण चालकांना खऱ्या रस्त्यावर नेऊन पाहिलें. ते स्वतःच्या आवडीचीं गाणीं ऐकत तेव्हां त्यांच्या चुका अधिक होत. मुद्दाम शांत पार्श्वभूमीसारखें रचलेलें संगीत लाविलें तेव्हां त्या घटत. जितकें गाणें आपलें, तितकें तें मनाला अधिक ओढतें, असा याचा अर्थ. ज्यांना नाद आवडतो त्यांच्यासाठीं हा निष्कर्ष थोडा कडू आहे, पण अपूर्व नाहीं. हरिणाच्या गोष्टींत आपल्या जुन्या कवींनीं तो केव्हांच सांगून ठेविला आहे.

येथें एक आक्षेप येईल. जगांतील अनेक देशांत बधिर मनुष्यांना मोटारीचा परवाना मिळतो, आणि ते उत्तम मोटार चालवितात. मग कानाचें एवढें महत्त्व कशास? उत्तर असें कीं, बधिर मनुष्याला आपली उणीव ठाऊक असते. तो आरशांत दुपटीनें पाहतो, वळणावर दुपटीनें सावध होतो. गाण्यानें कान भरलेला मनुष्य मात्र आपल्याला ऐकूं येतें अशा समजुतीवर विसंबून राहतो. धोका न ऐकण्यांत जितका नाहीं, तितका त्या समजुतींत आहे.

जर्मनीच्या रहदारीच्या नियमांत हें तत्त्व फार नेमकेपणानें मांडिलें आहे. गाडींतील माणसें, जनावरें, माल किंवा यंत्रें यांच्यामुळें आपली दृष्टि व श्रवण मंदावणार नाहीं याची जबाबदारी हांकणाऱ्यावर आहे, असें तो नियम सांगतो. तो गाण्याला मनाई करीत नाहीं. तो कानाचा मालक कोण तें ठरवून देतो. त्याच देशांत १९७४ पासून अशी सोय झाली कीं, नभोवाणीवर रस्त्यासंबंधीं सूचना येतांच विशिष्ट संकेतानें मोटारींतील रेडिओ जागा होई, आवाज चढे, आणि फीत चालू असली तर ती थांबून सूचना ऐकूं येई. तबकडीपासून मोबाईलपर्यंतच्या साऱ्या यंत्रांत हें एक यंत्र विशेष शहाणें म्हणावें लागेल. कारण रस्ता बोलूं लागला कीं गाण्यानें गप्प बसावें, हा शिष्टाचार तें जाणत होतें.

तो शिष्टाचार शिकण्यासाठीं महाग यंत्राची गरज नाहीं. गाणीं निवडावयाचीं तीं गाडी सुरू करण्यापूर्वीं निवडावीं. ताशी ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदास २२ मीटर जाते. तीन सेकंद यादींत गाणें शोधलें म्हणजे ६६ मीटर रस्ता डोळे मिटून ओलांडला. शेजारीं कोणी बसलें असेल, तर बैठकीचें यजमानपद त्याच्याकडे द्यावें. आवाज इतकाच ठेवावा कीं मागच्या गाडीचा साधा हॉर्न एकदां वाजतांच ऐकूं येईल. घाट लागला, गांव लागलें, शाळा सुटण्याची वेळ असली, पाऊस असला, कीं गाणें उतरवावें. झोंप येऊं लागली तर गाणें बदलूं नये, गाडी थांबवावी. आणि ज्या गाण्यासाठीं डोळे मिटावेसे वाटतात, तें घरीं पोंचल्यावर, दिवा मालवून ऐकावें. त्या गाण्याचाहि तोच मान आहे.

अर्ध्या कानानें ऐकलेलें संगीत हें कमी प्रतीचें संगीत, असें मात्र कोणी समजूं नये. दळतांना ओवी म्हणणारी बाई अर्ध्या कानानेंच आपली ओवी ऐके. दुसरा कान जात्याकडे आणि पाळण्याकडे असे. मोटेवरचा शेतकरी गाई, तेव्हां त्याचें लक्ष नाड्यावर आणि बैलांच्या पावलांवर असे. महाराष्ट्रांतील पुष्कळसें लोकसंगीत असें कामाच्या कडेनें वाढलें आहे, आणि कामानें त्याला कधीं परकें मानिलें नाहीं. तें कामाच्या लयींत चाले, कामापुढें धांवत नसे. मोटारींतील गाण्यानें या जुन्या घराण्याची रीत उचलली, तर त्याच्याविरुद्ध कोणाचीहि तक्रार राहणार नाहीं.

रात्रीच्या रस्त्यानें गात जाणारा तो गाडीवान आतां बहुतेक दिसेनासा झाला आहे. त्याच्या गाण्यांत घुंगुरमाळांचा आवाज मिसळलेला असे, आणि त्या घुंगरांचें काम नुसता ताल धरण्याचें नव्हतें. अंधारांत समोरून येणाऱ्याला ते सांगत कीं, येथें कोणी आहे, जपून या. मोटारींतल्या गाण्याला बाहेरच्या जगाशीं असा निरोप देतां येत नाहीं. तेव्हां निदान बाहेरून येणारा निरोप आंत घेण्यापुरता एक कान उघडा ठेवणें, एवढें तरी त्याच्या श्रोत्याच्या हातीं खास आहे.